दोनशे बारा वह्या

भागरताबाई कापगते यांनी डोक्यावरचं पोतं माझ्या टेबलावर उतरवलं तेव्हा माझा चहा बशीत सांडला आणि मी चिडले. निवडणूक खर्चाचा हिशोब जिल्ह्याच्या कचेरीत सादर करायला दोन दिवस उरले होते. जून महिना, वर पत्र्याचं छप्पर, पंखा नुसता आवाज करत होता.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"वह्या."

"ते दिसतंय. कसल्या?"

"जेवनाच्या. दोनशे बारा गावच्या हायेत बाई, मोजून घ्या." भागरताबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि न विचारता खुर्ची ओढली. "आता आमच्या पावत्या फाडा."

भागरताबाई पळसटोल्याच्या. बचत गटांचं काम करायच्या, आणि त्या भागात त्यांचा शब्द तलाठ्यापेक्षा जास्त चालायचा. मी त्यांना पाणी दिलं आणि वरची वही उघडली. शाळेची साधी वही. पहिल्या पानावर गावाचं नाव, आत तारखा, घराघरांची नावं, पुढे आकडे. शेवटच्या पानावर बेरीज आणि तिच्याखाली दोन ओळी मारलेल्या. मी पोटापाण्यासाठी सहकारी संस्थांची ऑडिट करत आले होते. इतक्या नीट वह्या मी पगारी सचिवांच्यासुद्धा पाहिल्या नव्हत्या.

मी वही मिटून बाजूला ठेवली.

हा निवडणुकीचा हिशोब केवळरामभाऊ लांजेवारांचा होता, हे आधी सांगायला हवं. भाऊ आमचे खासदार. महिनाभरापूर्वी सहाव्यांदा निवडून आले होते, तेही जेमतेम एकोणचाळीसशे मतांनी. समोर डोंगरवार नावाचा कंत्राटदार होता, त्याच्या गाड्यांनी सगळा जिल्हा धुळीनं भरला होता. भाऊंकडे दोन जुन्या जीप होत्या आणि त्यातली एक ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. एका माणसाकडून पाचशेच्या वर वर्गणी घ्यायची नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. प्रत्येकाला पावती. पावतीच्या पाठीवर दोन रकाने छापलेले असत, पाच वर्षांत काय केलं आणि काय जमलं नाही. दुसरा रकाना नेहमी लांब असायचा. लोक हसायचे, म्हणायचे, भाऊ स्वतःच स्वतःच्या विरोधात प्रचार करतात. पण त्या पावत्या घराघरांत देवाच्या फोटोशेजारी लावलेल्या मी पाहिल्या आहेत.

जमलं नाही या रकान्यात एक ओळ सलग चार निवडणुका तशीच छापली गेली होती. 'प्रत्येक आरोग्य केंद्रात सापाचं औषध – अजून नाही.'

आमचा भाग भाताचा आणि तलावांचा. बांधावर, गवतात, घराच्या आढ्यात, साप कुठेही. औषध फक्त जिल्ह्याच्या दवाखान्यात. भाऊंनी एकोणीस वर्षांत यावर लोकसभेत एकसष्ट प्रश्न विचारले होते. दिल्लीत त्यांना सापवाले लांजेवार म्हणत. ते उभे राहिले की एक मंत्री म्हणे बसल्या जागेवरून विचारायचे, "सापच ना?" भाऊ म्हणायचे, "होय, सापच. अजून चावतोय." मंत्रीपद नाही, मोठं खातं नाही, रेल्वेचा थांबासुद्धा त्यांना मिळवता आला नव्हता. पण येत्या अधिवेशनात सापाच्या औषधाची योजना समितीसमोर यायची होती, आणि मांडणी भाऊच करणार होते.

मी त्यांची भक्त वगैरे नव्हते. पुढारी या जातीबद्दल माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं, आताही नाही. रोजाच्या हिशोबानं काम घेतलं होतं, चोख करायचं आणि घरी जायचं. त्या योजनेपायी हे काम घेतलं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाई, काय इचार करून रायल्या?" भागरताबाई म्हणाल्या. "पैसे देनाऱ्याले पावती भेटते. आमच्या बायांनी वीस-वीस दिवस कार्यकर्त्यायले भात-वरन खाऊ घातलं, त्यायचं नाव कुटीच नाही. या खेपेले आमी ठरवलं, लिवून ठेवाचं. सरकारी वहीत आमचं नाव आलं पायजे."

यांना काय सांगणार होते मी? नियम असा होता की कार्यकर्त्यांना फुकट मिळालेलं जेवणही निवडणूक कचेरीच्या दरानं उमेदवाराच्या खर्चात धरायचं. एका ताटाचे चाळीस रुपये. आणि गंमत म्हणजे हा नियम कडक व्हावा म्हणून दिल्लीत सगळ्यांत जास्त घसा कोरडा केला होता आमच्याच भाऊंनी. 'निवडणुकीत फुकट काही नसतं' हे त्यांचं भाषण मी स्वतः टाईप केलेलं होतं.

मी घाईघाईनं शेवटच्या पानांवरच्या बेरजा यंत्रावर मारल्या. पाच हजार नऊशे ताटं. दोन लाख छत्तीस हजार रुपये. आमच्या हिशोबात कायद्याच्या मर्यादेपर्यंत जागा होती एक लाख चौऱ्याण्णव हजारांची. म्हणजे बेचाळीस हजार वर. डोंगरवारचा वकील अशाच एखाद्या गोष्टीसाठी टपून बसला होता. भाऊंची खासदारकी कोर्टात गेली असती, आणि तिच्याबरोबर ती योजनाही.

"ठेवून जा," मी म्हटलं. "बघते मी."

"पावत्या?"

"उद्या या."

भागरताबाई खूश होऊन गेल्या. मी पोतं उचललं आणि भिंतीकडच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, सापाच्या फायलींच्या मागे कोंबलं. कपाटाला कुलूप लावलं. हात धुतले. हात का धुतले ते माहीत नाही.

भाऊ दुपारी आले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, उन्हातून बसस्टँडपासून चालत. डोक्यावर ओला पंचा. आल्या आल्या त्यांनी माठातलं दोन पेले पाणी प्यायलं आणि म्हणाले, "कुमुदबाई, स्टँडवर भागरताबाई भेटल्या. खुशीत होत्या. काही देऊन गेल्या का?"

"नाही," मी म्हटलं.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात क्वचित बोलले असेन. भाऊंनी मान हलवली. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र वाचू लागले. अर्धा तास गेला. मी आकडे लिहीत होते आणि एकही आकडा डोक्यात शिरत नव्हता.

"किल्ली द्या जरा," ते म्हणाले. "सापाची फाईल पाहिजे. दिल्लीसाठी टिपण काढायचं आहे."

"मी देते ना काढून."

"तुम्ही तुमचं काम करा."

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. न देण्याचं काही कारण सुचेना. भाऊंनी कपाट उघडलं, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी पोतं बाहेर ओढलं, जमिनीवर मांडी घालून बसले आणि एकेक वही काढून चाळायला लागले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते चक्क हसत होते.

"हे पाहा, आमच्या सिरेगावच्या पोरीचं अक्षर. हिला सातवीत मी शिकवलं आहे." मग वर न बघता, "किती होतात?"

"बेचाळीस हजार. वर."

"हं."

"हं काय, भाऊ? डोंगरवार कोर्टात जाईल. तुमची जागा जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि समितीसमोर कोण बोलणार? तो डोंगरवार? त्याला साप आणि दोरी यातला फरक तरी कळतो का?"

"वह्या खऱ्या आहेत का खोट्या?"

"खऱ्या असतील! पण या वह्या कुणी मागितल्या होत्या? बायांनी हौसेनं लिहिल्या. उद्या मी भागरताबाईंना समजावून सांगते, त्या जाळूनसुद्धा टाकतील. तुमच्यासाठी विहिरीत उडी मारतील त्या बाया!"

"म्हणून तर लिहायचं," भाऊ म्हणाले.

तेव्हा माझा तोल सुटला. मी उठून उभी राहिले. आवाज इतका चढला की बाहेरचा सायकलवाला थांबून बघायला लागला.

"तुम्हाला तुमचा खरेपणा मिरवायचा आहे, भाऊ! त्याची किंमत कोण देणार? तुम्ही देणार नाही. पुन्हा शेतात जाणारी माणसं देणार. माझा भाऊ गेला आहे सापानं. हेमराज. एकवीस वर्षांचा होता, भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर चावला त्याला."

भाऊंनी हातातली वही मिटली. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? आम्ही त्याला जीपमध्ये घातलं. जिल्ह्याला सरळ गेलो असतो तर दीड तास. पण ड्रायव्हर म्हणाला, सावरटोलीच्या आरोग्य केंद्रात आता औषध आलं आहे, कालच तिथल्या वहीत पाहिलं. म्हणून तिकडे वळलो. तिथल्या सिस्टरनं वही उघडून दाखवली. सहा कुप्या शिल्लक, सहीशिक्क्यानिशी. कपाट उघडलं तर आत काही नाही. रिकामं खोकंसुद्धा नाही. तिथं आमचा पाऊण तास गेला. जिल्ह्याच्या फाटकात हेमराज गेला."

मी बोलून दाखवलं आणि थांबले. भाऊ माझ्याकडे बघत होते, मग कपाटाकडे त्यांची नजर गेली. उघडं कपाट, खालचा खण, आणि बाहेर पडलेलं पोतं. मीही तिकडे बघितलं.

थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "सहा लिहिणारी बाई काही वाईट नसेल, कुमुदबाई. वरून तपासणी आली असेल. केंद्र बंद होईल अशी भीती असेल. चांगल्यासाठीच लिहिलं असेल तिनं."

मी खाली बसले. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. लाज मात्र वाटली, अशी की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दहा वर्षं मी त्या सिस्टरला शिव्या घातल्या होत्या. आणि आज दुपारी मी तेच काम केलं होतं. तेही स्वच्छ अक्षरात.

"मी समितीसमोर काय मांडणार आहे, ते सांगतो," भाऊ म्हणाले. "तुमच्या कागदावर औषध आहे, दवाखान्यात नाही, हे मांडणार आहे. एकोणीस वर्षं हेच मांडतो आहे. आता माझाच कागद तसा असेल तर मी कोणत्या तोंडानं उभा राहू? जागा गेली तर गेली. दुसरा कोणी मांडेल. फायली तयार आहेत."

"दुसरा कोणी नाही मांडणार, भाऊ."

"नाही मांडला तर बाहेरून ओरडू. मास्तर होतो मी, आवाज मोठा आहे." मग त्यांनी पंचानं चष्मा पुसला. "हेमराज भोयर ना? सालही सांगून ठेवा. फायलीत नाव पाहिजे."

मी साल सांगितलं. त्यांनी ते फायलीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं. तिथं आधीच बरीच नावं होती, बारीक अक्षरात, वरपासून खालपर्यंत. मी मोजली नाहीत.

दिवेलागणीपर्यंत मी दोनशे बारा वह्यांच्या बेरजा नोंदवहीत चढवल्या. भाऊ गावाची नावं वाचून सांगत होते आणि मधूनमधून त्या त्या गावची एखादी भानगड. शेवटी एकूण खर्च मर्यादेच्या बेचाळीस हजार वर गेला आणि त्यांनी खाली सही केली.

सकाळी भागरताबाई पावत्या घ्यायला आल्या. मी पावतीपुस्तक काढलं आणि पळसटोल्यापासून सुरुवात केली.

"पळसटोला, बेचाळीस ताटं," मी लिहायला लागले.

"थांबा बाई," भागरताबाई म्हणाल्या. "बेचाळीस कायचे? भाऊकडचे एकोनतीस होते."

"शेवटच्या पानावर बेचाळीस आहे."

"थे सारं मिळून. तेरा तं डोंगरवारकडचे होते." त्यांनी वही ओढून घेतली आणि मधलं पान उघडलं. प्रत्येक घराच्या आकड्यापुढे, कडेला, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'भाऊकडचे ३.' 'डोंगरवारकडचे २.' मी काल फक्त शेवटची पानं बघितली होती. ऑडिटचा धंदा करणारी मी, आणि आतलं पान उघडून बघितलं नव्हतं.

"तुम्ही डोंगरवारच्या माणसांना जेवू घातलं?" मी विचारलं.

भागरताबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी अभद्र बोलले होते. "मंग काय उपाशी ठेवाचं? भर दुपारी बूथवर बसले होते बिचारे. जेवाच्या टायमाले दारात आलेल्या मानसाले पार्टी कोन इचारते वं? जेवले अन् मत कोनाले द्या ते सांगून गेले. आमी म्हटलं, बरं बरं."

आतल्या खोलीतून भाऊंचं हसणं ऐकू आलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं होतं की कसलं, विचारलं नाही.

आम्ही तिघं वह्या घेऊन जमिनीवर बसलो. या खेपेला पहिल्या पानापासून. भागरताबाई वाचत होत्या, मी दोन रकाने करत होते, भाऊ ताळा घेत होते. जेवायला उठलो नाही, चहावर दुपार काढली. चार वाजता बेरीज झाली. डोंगरवारची माणसं अकराशे दहा ताटं जेवली होती. भाऊंची चार हजार सातशे नव्वद. मी यंत्रावर तीनदा गुणाकार केला. एक लाख एक्याण्णव हजार सहाशे.

"चोवीसशे रुपये," मी म्हटलं. "चोवीसशे रुपयांनी आत आहात, भाऊ."

"म्हणजे साठ ताटं," भागरताबाई म्हणाल्या. "आनखी साठ मानसं जेवली असती तं?"

"तर मी घरी," भाऊ म्हणाले. "तुमच्या वरणाला चव जास्त असती तर माझं काही खरं नव्हतं."

माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. डोंगरवारच्या हिशोबात या अकराशे दहा ताटांचा पत्ता नसणार, याची मला खात्री होती. म्हणजे तो कोर्टात गेलाच तर त्याच्या तोंडावर मारायला आमच्याकडे दोनशे बारा वह्या होत्या. मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, त्याच्या पानांच्या प्रती काढून कुलपात ठेवू.

"प्रती काढा," भाऊ म्हणाले. "आणि आजच त्याच्याकडे पाठवा. उद्या शेवटचा दिवस आहे. त्यालाही त्याचा हिशोब नीट देता येईल."

"भाऊ! हत्यार आहे ते आपल्या हातातलं."

"जेवण आहे ते, कुमुदबाई. जेवणाचं हत्यार नाही करायचं."

मी प्रती पाठवल्या. कुरकुरत पाठवल्या. संध्याकाळी डोंगरवारच्या हिशोबनिसाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मॅडम, ही धमकी समजायची का?" मी म्हटलं, "नाही हो. तुम्ही जेवलात त्याची यादी आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "दर चाळीसच ना?" डोंगरवार कोर्टात गेला नाही. का गेला नाही ते मला ठाऊक नाही, आणि भाऊंनी ते कधी विचारू दिलं नाही.

दोनशे बारा पावत्या भागरताबाईंनी स्वतः वाटल्या. त्यावर रकमेच्या जागी ताटं लिहिली होती, आणि पाठीवर नेहमीचे दोन रकाने.

योजना त्या अधिवेशनात मंजूर झाली नाही. पुढच्यातही नाही. तिसऱ्या वर्षी झाली, तीही अर्धीमुर्धी, आणि आमच्या भागात पोचायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर भाऊंनी निवडणूक लढवणं सोडलं होतं. तरी मुदत संपताना त्यांनी एक शेवटची पावती छापून वाटली. तिच्यावर सापाच्या औषधाची ओळ पहिल्यांदा डाव्या, 'काय केलं'च्या रकान्यात गेली होती, आणि भाऊंनी पुढे पेननं लिहिलं होतं, 'तपासून पाहावे.'

मी तपासायला गेले. भर पावसाळ्यात, सावरटोलीला. केंद्राला नवा रंग दिला होता, सिस्टर नवीन होती, जेमतेम पंचविशीची. मी कोण, कशाला आले, काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, सापाच्या औषधाचा साठा बघायचा आहे. तिनं वही उघडून माझ्यासमोर ठेवली. दहा कुप्या शिल्लक. सही, शिक्का, तारीख कालची.

"कपाट उघडा," मी म्हटलं.

"वहीत लिहिलं आहे ना, मॅडम." तिला राग आला होता. मला तिचा तो राग फार आवडला.

"असू दे. उघडा."

तिनं फ्रिज उघडला. मी एकेक कुपी हातात घेऊन मोजली. हातांना गार लागत होतं. दहा झाल्या तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, कारण मध्येच मला दिसेनासं झालं होतं. सिस्टर घाबरली, तिनं मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी भाऊंना फोन लावला. तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आवाज खोल गेला होता.

"भाऊ, कुमुद बोलते. सावरटोलीहून. दहा आहेत."

"वहीत की कपाटात?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडे, भाऊ," मी म्हटलं. "दोन्हीकडे दहा."